खुनी सापडल्यावरही प्रश्न उरतो अशी कादंबरी सुचवा

गिरणाकाठ (पाचोरा)
मंडळी, मदत हवी आहे. आम्ही काही जण दर महिन्याला एक पुस्तक वाचतो आणि एका रविवारी त्यावर बोलायला बसतो. शिक्षक आहेत, एक जिनिंगवाले काका आहेत, कॉलेजच्या दोन मुली आहेत, आणि कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले आमचे आप्पा. आप्पांनी तरुणपणी बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांचा फडशा पाडला. झुंजारच्या करामती अजून रंगवून सांगतात. पण परवा म्हणाले, "कोनी मारं ते समजनं, मंग पुढे काय?" त्यांची सारी नोकरी या 'पुढे काय'मध्येच गेली. फितूर होणारे पंच, संशयाचा फायदा घेऊन सुटलेले, निकालाची वाट बघत आत बसलेले कच्चे कैदी.
तर हातातून खाली ठेववणार नाही अशी, पण शेवटच्या पानानंतर आमच्यात वाद पेटवील अशी कादंबरी हवी. मराठी अनुवाद असल्यास उत्तम.

तापीतीर
केइगो हिगाशिनोची 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स', मूळ जपानी, 2005. खून कोणी केला हे सुरुवातीलाच कळतं. छळणारा माजी नवरा घरात येतो, त्याच्या गळ्याला दोरी बसते, आणि शेजारचा गणिताचा मास्तर मायलेकींना वाचवायला उभा राहतो. तरी एका बैठकीत संपवली मी. पुढचं सांगत नाही.

धुळे_वकील
गिरणाकाठ दादा, आप्पांसाठी दोस्तोयेव्हस्कीची 'क्राइम अँड पनिशमेंट' (1866) घ्या. जाड आहे म्हणून लोक बिचकतात, पण पहिला भाग वाचताना श्वास रोखला जातो. गहाणवटीचा धंदा करणाऱ्या म्हातारीला एक विद्यार्थी कुऱ्हाडीने मारतो, आणि तिची बहीण अवचित घरी आली म्हणून तिलाही. पहिल्या खुनासाठी त्याच्याकडे मोठं तत्त्वज्ञान तयार आहे. दुसरा त्यात कुठेच बसत नाही.
वकील म्हणून मला सगळ्यात जास्त हलवून गेला तो मिकोल्का, रंगारी. त्याने खून केलेलाच नाही, तरी तो येऊन कबुली देतो! तपास करणारा पोर्फिरी हाताशी आलेली ती कबुली स्वीकारून मोकळा होत नाही. आपल्याकडे पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. 1872 च्या पुरावा कायद्यात ते कलम 25 होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष अधिनियमात कलम 23. "कबूल केलं ना, मग अजून खटला कशाला?" असं लोक मला विचारतात. अशा प्रत्येकाला मी मिकोल्काची प्रकरणं वाचायला सांगतो.

चाळीसगावकर
ट्रुमन कपोटीची 'इन कोल्ड ब्लड' कशी वाटते? 1959 साली कॅन्ससमध्ये एका कुटुंबातल्या चौघांचा खून झाला, दोघांना 1965 मध्ये फाशी. सगळं खरं घडलेलं.

धुळे_वकील
लिहिली आहे अप्रतिम, पण मी ती सुरुवातीला देणार नाही. तिथे खरी माणसं मेली आहेत. त्यांच्या मरणाची उत्कंठा चढवत नेणं मला आजही बोचतं. फाशीवर चर्चा करायची असेल तेव्हा जरूर घ्या.

बोरीकाठ (अमळनेर)
हार्पर ली यांची 'टू किल अ मॉकिंगबर्ड' (1960) कशी विसरलात? जिनिंगवाले काका आहेत म्हणता, मग हीच. इथे खटला खुनाचा नाही, बलात्काराच्या आरोपाचा आहे. आरोपी टॉम रॉबिन्सन हा काळा मजूर. लहानपणी त्याचा डावा हात कापसाच्या जिनात सापडून निकामी झालेला. तक्रार करणाऱ्या मुलीच्या चेहऱ्यावरचे घाव मात्र उजव्या बाजूला, म्हणजे समोरच्या डावखुऱ्याने मारलेले. वकील भर कोर्टात तिच्या बापाला सही करायला लावतो आणि तो पेन डाव्या हातात धरतो. इतकं लख्ख दिसत असताना गोऱ्यांची ज्यूरी, म्हणजे निकाल देणारी साधी नागरिक मंडळी, काय करते ते वाचा. मराठी अनुवाद आहे.

गिरणाकाठ (पाचोरा)
वा, हे काकांना सांगितलं तर ते उद्याच पुस्तक मागतील. मुलींचा मात्र आग्रह आहे की एक तरी मूळ मराठी असावं.

बोरीकाठ (अमळनेर)
मग कादंबरीचा हट्ट सोडून तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' घ्या. वेळ घालवायला म्हणून लुटुपुटूचा खटला सुरू होतो आणि बघता बघता बेणारेबाईंच्या खऱ्या आयुष्यावर येतो. 1967 चं नाटक आहे, पण बाईच्या चारित्र्यावरून तिची लायकी ठरवणारी ती माणसं आपल्या गल्लीतही भेटतात. पात्रं वाटून मोठ्याने वाचा. आरोपीच्या पिंजऱ्यात एकटीला उभं करून बाकीचे बोलत सुटतात, ते मनात वाचून तितकं अंगावर येत नाही.

धुळे_वकील
ताईंशी शंभर टक्के सहमत. आणि मॉकिंगबर्डच्या वेळी एक करा: कोर्टाची प्रकरणं आप्पांकडून वाचून घ्या आणि ज्यूरी आत जाते तिथे पुस्तक मिटा. प्रत्येकाने निकाल चिठ्ठीवर लिहायचा. त्याखाली, आपण तिथल्या ज्यूरीत असतो तर सगळ्यांसमोर तोच निकाल द्यायचं धाडस झालं असतं का, हेही.

गिरणाकाठ (पाचोरा)
ठरलं. या महिन्यात मॉकिंगबर्ड, पुढच्या महिन्यात तेंडुलकर. दोस्तोयेव्हस्कीला दोन महिने देऊ. जळगावच्या व. वा. वाचनालयात शनिवारी जातोय, तिथे प्रती विचारतो. कोणाकडे मॉकिंगबर्डच्या अनुवादाची जास्तीची प्रत असेल तर निरोप टाका, जपून वाचू आणि परत करू.