यादीत नाव नाही म्हणून बेळगावची हवा चांगली?

शहापूरकर: काल इथं एकानं पोस्ट टाकली, "दिल्लीची रड बेळगावात कशाला? केंद्राच्या प्रदूषित शहरांच्या यादीत कर्नाटकातली चारच नावं आहेत, बेंगळूर, दावणगिरी, गुलबर्गा, हुबळी-धारवाड." यादी खरी आहे ओ. पण नापासांत नाव नाही म्हणजे पहिला नंबर आला काय? पीएम २.५, म्हणजे हवेतले अतिबारीक कण, त्यांची वर्षाची सरासरी घनमीटरला ४० मायक्रोग्रॅमपर्यंत आपल्याकडं चालते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये ती मर्यादा ५ वर आणली. इथं काठावर पास झालेला तिथं आठपट नापास! हे कण फुफ्फुसातनं रक्तात उतरतात, म्हणून हार्ट अटॅक आणि पक्षाघातही यातच धरतात. डिझेलच्या धुरानं कॅन्सर होतो हे २०१२ लाच जाहीर झालंय. खानापूर रोडला ट्रकच्या मागनं स्कूटरवर जा, घरी येऊन पांढऱ्या रुमालानं नाक पुसा. आणि उद्यमबागेतल्या फौंड्रीत लोखंड वितळवायच्या भट्टीत, त्या क्युपोलात, दगडी कोळशाचा कोक जळतो, तो काय धूप आहे?

उद्यमबागवाला: आलं, फौंड्रीवर आलंच! आम्ही क्युपोला मोडीत काढून विजेवरची इंडक्शन भट्टी बसवली, कर्ज अजून फिटायलंय. सकाळी गच्चीवरच्या कपड्यांवर काळे तुकडे पडतात ते शेतात जाळलेल्या उसाच्या पाचटाचे. त्यावर बोला की.

चिकोडीचा ऊसवाला: पाचट म्हणजे कोळसा नव्हे. मजूर मिळत नाहीत, तोडलेल्या उसाच्या फुटव्याला, खोडव्याला, पाणी सोडायचं असतंय, पाचट कुजवत कोण बसणार? एसीत बसून शेतकऱ्याला शिव्या घालायला काय जातंय! तुमच्या इंडक्शनची वीज रायचूरच्या वीजकेंद्रात कोळसा जाळून येती न्हवं?

खानापूरची सूनबाई: धूर कुणाचा का असेना, नेब्युलायझर माझ्या पोराच्या तोंडाला लागतोय. गळीत हंगाम आला की रात्रभर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर, चढाला काळा लोट, वर टेप फुल्ल! पोरगं खोकत उठतंय, ड्रायव्हर गाणं लावून खूश.

ऊसवाला: वैनी, टेप नसला तर ड्रायव्हरला झोप लागती. मग अपघात झाला की पुन्हा आम्हीच वाईट.

उद्यमबागवाला: झोप लागती म्हणून सगळ्या गावाला जागं ठेवायचं? भले!

सीमावासी: महाराष्ट्रात असतो तर ही वेळ आली नसती. इथं आमचं ऐकतंय कोण?

शहापूरकर: साहेब, त्याच यादीत महाराष्ट्राकडनं कोल्हापूर आणि सांगली दोन्ही आहेत. धूर चेकपोस्टवर थांबत नाही.

सीमावासी: म्हणजे तुम्ही कानडी सरकारच्या बाजूचे. कळलं.

शहापूरकर: माझ्या बा नं लढ्यात लाठ्या खाल्ल्यात, मला शिकवू नका. शेवटी ऑक्सिजनवर गेला तो, आयुष्यात बिडी ओढली नव्हती. ट्रकच्या अड्ड्यावर हमाली करायचा.

उद्यमबागवाला: बरं बाबा, लाईट गेली की आमचा डिझेल जनरेटर धूर ओकतो, तेवढं मान्य. पण पहिला ट्रॅक्टर बंद करा.

ऊसवाला: व्हय तर! आणि ऊस तुमच्या इंडक्शनवर ठेवून कारखान्याला न्यायचा?