एक बॅग आलीच नाही, दुसरी आली ती फोडलेली. आता तक्रार कुठे आणि कशी?

चिपळूणची_लेक

नमस्कार मंडळी. घाईत लिहितेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

आम्ही चौघं फ्रँकफर्टहून निघून, आखातात विमान बदलून रविवारी पहाटे मुंबईत उतरलो. तिकीट एकच, पण पहिल्या टप्प्याची विमान कंपनी वेगळी, दुसऱ्याची वेगळी. मधे वेळ इतका कमी होता की मुलांना अक्षरशः ओढत गेटपर्यंत पळवलं. आम्ही चढलो, एक बॅग चढली नाही. बेल्ट थांबला तरी आम्ही तिथेच. मग काउंटरवर पीआयआर (सामानाच्या तक्रारीची नोंद) करून घेतला, कागद घेतला आणि टॅक्सीने चिपळूण गाठलं.

खरा धक्का घरी बसला. आलेल्या बॅगांपैकी एकीत भाच्यासाठी घेतलेला नवा मोबाईल आणि आप्पांचं घड्याळ होतं. मोबाईलचा खोका आहे, आत मोबाईल नाही. घड्याळ डबीसकट गायब. बॅगेचं छोटं कुलूपही नाही, पण झिप नीट बंद होती, म्हणून विमानतळावर काही कळलंच नाही.

न आलेल्या बॅगेत माझ्या लग्नातली पैठणी आहे (पावती कुठली असायला!) आणि आप्पांच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी नातवंडांचे छापून घेतलेले टी-शर्ट. कार्यक्रम याच रविवारी. आज गुरुवार. दुसरी कंपनी म्हणते पहिलीला विचारा, पहिली म्हणते शेवटचीला विचारा. कुणाला धरू?

स्पष्टच_बोलतो

मोबाईल आणि घड्याळ चेक-इनमध्ये ठेवायचंच कशाला? तिकिटाच्या अटींत लिहिलेलं असतं. आता विसरा आणि नवीन घ्या.

बेल्टवाला

स्पष्ट बोलण्याआधी जरा थांबा, साहेब. माणूस अडचणीत आहे.

ताई, मी मुंबईला आंतरराष्ट्रीय आगमनाच्या बॅगेज काउंटरवर होतो, आता निवृत्त आहे. रडणारी, ओरडणारी, काउंटरवर पासपोर्ट आपटणारी, सगळी माणसं पाहिलीत. बहुतेकांची एक गोष्ट सारखी असते: न आलेल्या बॅगेच्या मागे लागतात आणि आलेल्या बॅगेची मुदत हातची जाते. तुमचंही तेच होऊ घातलंय.

तुमच्या प्रवासाला 1999 चा माँट्रियल करार (आंतरराष्ट्रीय विमानप्रवासातल्या भरपाईचा) लागू आहे. भारत त्यात 2009 पासून आहे. आलेल्या बॅगेचं नुकसान झालं असेल तर बॅग हातात पडल्यापासून 7 दिवसांत लेखी तक्रार गेली पाहिजे. म्हणजे तुमची मुदत संपते ती नेमकी सहस्रचंद्रदर्शनाच्या दिवशी. त्या दिवशी तुम्ही आमटीच्या पातेल्याजवळ असाल, ईमेल कोण लिहिणार? आज रात्रीच टाका. फोनवर सांगितलेलं धरत नाहीत.

ईमेल दोन्ही कंपन्यांना, एकाच वेळी, एकमेकींना दिसेल असा. त्यात फ्लाइट नंबर, तारीख, फोडलेल्या बॅगेचा टॅग नंबर (दहा आकडी, बोर्डिंग पासला चिकटवलेल्या चिठ्ठीवर असतो), काय गेलं, कधी आणि कितीला घेतलं. गोष्ट सांगत बसू नका. आणि मोबाईलचा खोका टाकू नका! त्यावर आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, छापलेला असतो. चोराने खोका ठेवला हे तुमच्या पथ्यावर पडलंय.

आता झिप. प्लास्टिकच्या झिपेत बॉलपेनचं टोक जोर देऊन घातलं की दात सुटतात, बॅग उघडते. काम झालं की रनर त्यावरून एकदा पुढे-मागे फिरवायचा, झिप परत मिटते. कुलूप लावलेलं असलं तरी रनर दोन्ही मिळून सरकतात, म्हणून कुलपाचा उपयोग मर्यादितच. उजेडात धरून पूर्ण झिप बघा. कुठे दात किंचित वाकडे, शिवणीपाशी ताण आल्यासारखं कापड किंवा शाईचा ठिपका दिसला तर जवळून फोटो घ्या. बॅग धुऊ-पुसू नका. वजनाच्या वादात शिरू नका. फोन आणि घड्याळाचं वजन मिळून अर्धा किलोही भरत नाही, तेवढ्या फरकाला कुणी विचारत नाही.

न आलेली बॅग बहुतेक चोरीला गेलेली नाही. विमान बदलताना माणसं पळतात, बॅगा पळत नाहीत. मधल्या विमानतळावर राहिलेली बॅग 'रश' टॅग लावून पुढच्या विमानाने पाठवतात. पण पाठवायला ती कुणाची हे जुळावं लागतं. तुमचा पीआयआर काढा. वर नंबर असेल: बीओएम (मुंबई विमानतळाची अक्षरं), मग कंपनीची दोन अक्षरं, मग पाच आकडे. त्याखाली बॅगेच्या रंगाची दोन अक्षरं आणि प्रकाराचे दोन आकडे. ते काय आहेत आणि तुमची बॅग प्रत्यक्षात कोणत्या रंगाची आहे, सांगा.

चिपळूणची_लेक

काका, ईमेल लिहायला घेतलाय. बॅग गडद निळी आहे. कागदावर बीके 22 लिहिलंय. पत्ता इथला चिपळूणचाच आहे. झिपेवर कोपऱ्याजवळ एका जागी दात खरंच फाकलेत, नवऱ्याने टॉर्च मारून फोटो काढले.

बेल्टवाला

बीके म्हणजे काळी. निळीला बीयू. पहाटेच्या उजेडात नेव्ही ब्ल्यू काळीच दिसते, आणि प्रवासी थकलेला असतो, तोही 'हो हो' म्हणतो. टॅग शाबूत असेल तर नंबरावरून सापडेल. पण टॅग पट्ट्यात अडकून फाटला असेल तर कॉम्प्युटर रंग आणि प्रकारावरच जुळवतो, आणि तुमची बॅग काळ्या बॅगांच्या ढिगात शोधली जातेय. फोन करून आधी रंग दुरुस्त करून घ्या, मग ईमेलही टाका.

दुसरं, आतल्या वस्तूंची यादी द्या. 'कपडे' असं लिहू नका, कपडे प्रत्येक बॅगेत असतात. टी-शर्टवर काय छापलंय?

चिपळूणची_लेक

पिवळे टी-शर्ट, त्यावर देवनागरीत 'आप्पांचे हजार चंद्र'. 😅

बेल्टवाला

मग झालं तर! असली बॅग जगात दुसरी नसणार. हेच इंग्रजीत लिहा: पिवळे, लहान मुलांचे, भारतीय लिपीत छपाई, इतके नग. शिवाय पैठणीचा रंग आणि काठ. बिनटॅगची बॅग उघडून बघतात तेव्हा आतलं जे पहिल्यांदा डोळ्यांत भरतं, त्यावरून मालक सापडतो.

पत्त्याचंही बघा. चिपळूणचा पत्ता तात्पुरता आणि जर्मनीचा कायमचा, असे दोन्ही नोंदवा, इथे कोणत्या तारखेपर्यंत आहात तेही. नाहीतर तुम्ही तिकडे गेल्यावर बॅग चिपळूणला येऊन पडेल. तुम्ही राहता परदेशात, हे कागदावर दिसलं की इथे घेतलेल्या गरजेच्या कपड्यांचे, दाढी-दातांच्या सामानाचे पैसे मागायलाही सोपं जातं. राहत्या गावी परतलेल्या माणसाला कंपन्या म्हणतात, तुमच्या घरी कपाट आहेच की. पावत्या ठेवा. पण या पैशांत नवी पैठणी बसवायला जाऊ नका, गरजेपुरतंच.

आणि कस्टम्स. उशिरा येणारी बॅग मुंबईत कस्टम्समधून सोडवावी लागते. तुम्ही हजर नसलात तर कंपनी तुमच्या अधिकारपत्रावर, पासपोर्टच्या प्रतीवर सोडवते. कुलपाचा आकडा कळवून ठेवा. पीआयआर करताना शुल्कमुक्त सवलत किती उरली याची कस्टम्सची सही घेतली होती का? घेतली असेल तर तो कागद जपा. बॅग नंतर आली तरी उरलेली सवलत त्यावर मिळते.

साताऱ्याची_वकील

बेल्टवाले काकांनी रस्ता दाखवलाच आहे, कायद्याचं थोडं मी सांगते.

कुणाला धरायचं? दोघींना. करारातल्या कलम 36 प्रमाणे सामानाच्या बाबतीत प्रवासी पहिल्या कंपनीवरही दावा करू शकतो, शेवटच्या कंपनीवरही, आणि जिच्या टप्प्यात घोटाळा झाला तिच्यावरही. आपसात काय ते त्या बघतील. 'तिकडे विचारा' हे उत्तर लेखी आलं तर उत्तमच, ते फाइलला लावा.

सात दिवसांवर काका उगाच जोर देत नाहीत. इंग्लंडमधला एक जुना खटला आम्हाला शिकवतात. इटलीहून ल्युटनला परतलेल्या प्रवाशाची बॅग फाटली होती, ते त्याने विमानतळावर नोंदवलं. आतले शर्ट, कार्डिगन आणि सँडल गेल्याचं घरी कळलं, ते त्याने काही आठवड्यांनी कळवलं. किंमत साडेसोळा पौंड. हे प्रकरण थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 1980 साली निकाल लागला: बॅगेतल्या काही वस्तू जाणं हेही 'नुकसान'च, मुदत तीच सात दिवसांची. प्रवासी हरला. तेव्हा माँट्रियलच्या आधीचा वॉर्सा करार होता, पण मुदतीचं हे सूत्र माँट्रियलमध्येही तेच राहिलं.

न आलेल्या बॅगेची मुदत वेगळी. 21 दिवसांत नाही आली तर ती हरवली असं धरून भरपाई मागता येते. त्याआधी आली, तर उशिराची तक्रार बॅग मिळाल्यापासून 21 दिवसांत. कोर्टात जायची मुदत 2 वर्षं.

रक्कम: 28 डिसेंबर 2024 पासून कमाल 1519 एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक), रुपयांत पावणेदोन लाखांच्या आगेमागे, दर रोज बदलतो. ही मर्यादा माणशी आहे, बॅगेमागे नाही. आणि ती कमाल आहे, तेवढे मिळतातच असं नाही, नुकसान दाखवावं लागतं. (देशांतर्गत प्रवासात फक्त 20,000 रुपये, त्यामानाने तुमचं नशीब म्हणायचं.)

मोबाईल चेक-इनमध्ये ठेवल्याबद्दल कंपनी अटी दाखवेल. दाखवू द्या. जबाबदारी पूर्ण झटकणारी किंवा करारापेक्षा कमी करणारी अट कलम 26 मुळे टिकत नाही, असं आपण म्हणायचं. ते म्हणतील प्रवाशाचाही निष्काळजीपणा आहे, कलम 20 खाली रक्कम कमी करा. यात घासाघीस होते. 'विसरा आणि नवीन घ्या' हा काही कायदा नाही.

पैठणीच्या पावतीची काळजी नको. लग्नातला फोटो लावा, त्यात काठ-पदर स्पष्ट दिसला पाहिजे. तशाच पैठणीची आजची किंमत एखाद्या येवल्याच्या विणकराकडून किंवा दुकानदाराकडून लेटरहेडवर घ्या. जुनी साडी म्हणून कंपनी घसारा लावेल, पैठणीला घसारा कसला ते तुम्ही त्यांना विचारा.

चोरीची तक्रार चिपळूणच्या पोलीस ठाण्यातही देता येते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे हद्दीबाहेरचा गुन्हाही नोंदवून पुढे पाठवायचा असतो. आयएमईआय द्यायला विसरू नका. प्रवासविमा किंवा कार्डावरचा विमा असेल तर तिथे ही प्रत लागेल.

नाशिकचा_नील

ताई, बॅगेत एअरटॅग (वस्तू कुठे आहे ते फोनवर दाखवणारी अ‍ॅपलची चकती) आहे का? असेल तर फाइंड माय अ‍ॅपमधून लिंक बनवून कंपनीला पाठवता येते. ती सात दिवसांनी आपोआप बंद होते, तेव्हा बॅग सापडली नाही तर नवी पाठवावी लागते. 'बॅग कुठे आहे माहीत नाही' म्हणणाऱ्यांना नकाशा दाखवला की बोलणं बदलतं.

चिपळूणची_लेक

एअरटॅग नाही. पण ऐका! काल रंग दुरुस्त करून घेतला, यादी पाठवली. आज दुपारी संदेश आला की मधल्या विमानतळावर बॅग सापडली, आज रात्री मुंबईत. शनिवारी सोडवून पाठवतो म्हणतात. भाऊ म्हणतो कुरिअरवर सोडू नको, मीच मुंबईला जाऊन आणतो. जाऊ द्यावं का?

फोडलेल्या बॅगेबद्दल दोन्हींकडून 'तक्रार मिळाली' एवढंच आलंय. शिवाय एकीकडून फोन आला, सदिच्छा म्हणून पुढच्या प्रवासाचं व्हाउचर देतो, एक फॉर्म सही करून पाठवा.

बेल्टवाला

भावाला जाऊ द्या. कंपनीचा कुरिअर शनिवारी निघाला तरी चिपळूणला रविवारी सकाळी पोचेल याची हमी मी देणार नाही. मात्र जायच्या आधी फोन करून बॅग घेऊन कुणी निघालेलं नाही ना, हे विचारा. भाऊ मुंबईत आणि बॅग महाडला, असं व्हायला नको. सोबत तुमच्या सहीचं अधिकारपत्र, तुमच्या पासपोर्टची आणि बोर्डिंग पासची प्रत, पीआयआर, भावाचं आधार कार्ड, आणि कस्टम्सच्या सहीचा कागद असेल तर तो. बॅग तिथेच काउंटरवर उघडून यादीशी ताडून घ्यायची, मगच सही.

व्हाउचरचा फॉर्म आधी इथे शब्दशः टाका. त्यात 'पूर्ण आणि अंतिम' असं काही असेल तर सही करू नका. 'तक्रार मिळाली'चे ईमेल कॉम्प्युटरने पाठवलेले असले तरी त्यावर तारीख आहे. प्रिंट काढून ठेवा.

साताऱ्याची_वकील

सहमत. कंपन्या नुसत्याच टोलवत राहिल्या तर आधी एअरसेवावर (विमानप्रवाशांच्या तक्रारींचं सरकारी पोर्टल) तक्रार, मग ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता किंवा काम करता तिथल्या जिल्हा आयोगात जाता येतं. तुम्ही जर्मनीत राहता, त्यामुळे रत्नागिरीवर कंपनी आक्षेप घेईल. तिकीट कुणाच्या नावाने, कुठून काढलं ते मला व्यक्तिगत निरोपात कळवा. 5 लाखांपर्यंत शुल्क नाही.

स्पष्टच_बोलतो

ताई, परत जाताना बॅगेत सुकं खोबरं आणि पॉवर बँक ठेवू नका. दोन्ही चेक-इनला चालत नाहीत, त्यापायी बॅग बाजूला काढतात. कुळीथ पीठ आणि आमसुलं बिनधास्त न्या. आप्पांना नमस्कार सांगा.