सल्ला हवा: पार्ट तपासायला सोपी व्हिजन मेजरिंग सिस्टीम (कॅमेऱ्याने माप घेणारं मशीन) कोणती?

धागाकर्ता:
नमस्कार. वॉशर, प्रेस पार्ट आणि छोटे टर्निंगचे जॉब तपासायला आमच्याकडे जुना प्रोफाइल प्रोजेक्टर (जॉबची मोठी सावली पडद्यावर पाडणारं यंत्र) आहे. सर्वांत मोठा पार्ट ८० मिमी, सर्वांत कडक टॉलरन्स (मापात चालणारा फरक) ±०.०२ मिमी. एकाच भोकाचा व्यास तीन शिफ्टचे तीन इन्स्पेक्टर तीन वेगवेगळे लिहितात, कारण क्रॉसहेअर (पडद्यावरची फुली) कडेला नेमकी कुठे टेकवायची हे ज्याच्या त्याच्या डोळ्यावर. जॉब ठेवला, बटण दाबलं, आकडे आले असं मशीन हवंय. माणसं सारखी बदलतात, लांबलचक ट्रेनिंग परवडत नाही.

मायक्रॉन:
सपाट आणि ८० मिमीच्या आत, म्हणजे एका शॉटमध्ये मोजणारं मशीन बघा. कीएन्सची आयएम मालिका, त्या जातीचं. त्यातल्या टेलिसेंट्रिक लेन्समुळे (अंतर बदललं तरी वस्तू तेवढीच दाखवणारी लेन्स) जॉब थोडा वरखाली असला तरी माप बदलत नाही. पार्ट तिरका ठेवला तरी सॉफ्टवेअर त्याला ओळखतं, त्यामुळे बहुतेकदा फिक्स्चर (जॉब पकडून ठेवायचा साचा) लागत नाही.
ब्रोशरवरच्या ०.१ मायक्रॉनला भुलू नका, ते डिस्प्लेचं रिझोल्यूशन. अचूकतेचा आकडा मागा, तोही तुम्ही वापरणार त्याच फील्डचा (कॅमेऱ्याला एका वेळी दिसणारा भाग). मोठ्या फील्डला तो ढिला असतो. तुमचा टॉलरन्सचा पूर्ण पट्टा ४० मायक्रॉनचा, त्याचा दहावा हिस्सा ४; मशीनची चूक साधारण त्याच्या आत हवी. आणि मशीनवरून आलेला गरम जॉब लगेच मोजू नका. ८० मिमी स्टील ५ अंशांनी तापलं की साडेचार मायक्रॉन तिथेच गेले.

जुना_इन्स्पेक्टर:
डेमोला विक्रेत्याचा चकचकीत सँपल पार्ट बघून आम्ही होकार दिला, तिथेच फसलो. पहिल्याच आठवड्यात एका वॉशरचं भोक ०.०३ मिमीने कमी आलं, जॉब रिजेक्टच्या ट्रेमध्ये. प्लग गेज (भोकात घालून बघायची ठरावीक मापाची दांडी) मात्र आरामात जात होता. स्क्रीनवर झूम केलं तर कडेला तेलाचा थेंब आणि त्यात चिकटलेला पुसायच्या कापडाचा धागा. असे बिंदू वगळणारा फिल्टर सॉफ्टवेअरमध्ये असतो, पण तो जास्त चढवला की खरी बरसुद्धा (कडेला राहिलेला धातूचा कंगोरा) गिळतो. फिल्टर कोण बदलू शकतो हे पासवर्डखाली ठेवता येतं का, ते जरूर विचारा.

धागाकर्ता:
हे लक्षात आलं नव्हतं. टर्निंगच्या जॉबमधलं ब्लाइंड बोअर (आरपार न गेलेलं भोक) जमेल का?

मायक्रॉन:
त्यावर पाणी सोडा. बॅकलाइटला (खालून येणारा प्रकाश) फक्त सावली दिसते आणि ब्लाइंड बोअरमधून प्रकाश पलीकडे जातच नाही. वरून रिंग लाइट लावला तर वरची कड दिसेल, पण चॅम्फर (तोंडाशी तिरकी कापलेली कड) असेल तर त्याचीच कड पकडली जाईल. त्यासाठी तुमचे बोअर गेज आणि डेप्थ मायक्रोमीटर विकू नका.

जुना_इन्स्पेक्टर:
पैसे देण्याआधी गेज आर अँड आर करा, म्हणजे पुन्हा पुन्हा आणि वेगवेगळ्या माणसांनी मोजल्यावर माप किती हलतं याची चाचणी. १० पार्ट, तुमचेच तीन इन्स्पेक्टर, प्रत्येकाने तीनदा मोजायचं. दर वेळी पार्ट उचलून पुन्हा ठेवायचा. तसाच ठेवून तीनदा बटण दाबलं तर कुठलंही मशीन पास होतं. मोजणीतला हा फरक टॉलरन्सच्या १० टक्क्यांच्या आत आला तर उत्तम, ३० च्या वर गेला तर नमस्कार करून निघा. नवा प्रोग्रामही तुमच्यातल्या सगळ्यात नव्या पोराला बनवायला सांगा. विक्रेत्याच्या इंजिनिअरच्या हाताखाली सगळंच सोपं दिसतं.

धागाकर्ता:
अपडेट: आज पहिला डेमो झाला. प्रेसखालचे तेलकट वॉशर डब्यात भरून तसेच नेले होते. ते बघून इंजिनिअर म्हणाला, "साहेब, पुसून आणले असते तर बरं झालं असतं." पुढच्या आठवड्यात दुसऱ्या विक्रेत्याकडे जातोय, त्याच डब्यासकट.