पाळकाची भक्ती नक्की कशाने आटते?

साधा_विश्वासी:
विषय टोचेल पण काढतोच. पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, बिघडतो तो पैसा नाहीतर दारूने असं आपण धरून बसलोय. ते झालं तर निदान दिसतं तरी. बांधकाम कमिटी, मंडळीच्या (चर्चच्या सभासदांच्या) निवडणुकीतले गट, जमिनीची केस, आणि आता उपदेशाचा व्हिडिओ टाकून व्ह्यूज किती आले हे तासातासाला बघणं, यात भक्ती जाते ती कुणाला कळतही नाही. शास्त्र (बायबल) उघडतं ते रविवारचा उपदेश काढायला, स्वतःसाठी नाहीच. प्रेषित पौल तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (2 तीमथ्य 2:4) सांगतो की शिपाई संसाराच्या भानगडीत गुंतत नाही, आणि त्याच पत्रात पुढे देमास येतो. फिलेमोनाच्या पत्रात हाच देमास लूकच्या जोडीने सहकारी म्हणून आहे, आणि इथे जगाची ओढ लागली म्हणून पौलाला सोडून थेस्सलनीकाला गेला. एका दिवसात नसेल गेला.

तंबूवाला:
आला देमास! अहो पौल स्वतः करिंथात अक्विल्ला-प्रिस्किल्ला या जोडप्याबरोबर तंबू बनवत होता, बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये 18:3 वाचा. त्याची भक्ती आटली का? मला तर उलट वाटतं, हाताला काम असलेला पाळक बरा, नुसता देणग्यांवर बसलेला असतो तो मोठ्या देणगीदाराची मर्जी राखत उपदेश करतो, ते कमी ऐहिक आहे होय?

साधा_विश्वासी:
मग दोन ओळी पुढे पण वाचा की. 18:5, त्याचे साथीदार सीला आणि तीमथ्य मासेदोनियाहून आले तसा पौल वचनाच्या कामात गढून गेला. आणि तंबू विकून व्ह्यूज मोजत नव्हता तो.

पाळकीणबाई:
दोघेही पुरुष आणि दोघेही पाळक नाहीत हे लगेच कळतंय 😄 आमच्याकडे रात्री अकराला फोन येतो, पाळकसाहेब मुलाच्या ॲडमिशनला जरा शब्द टाका. नाही म्हटलं तर गर्व आला, हो म्हटलं तर सकाळची प्रार्थना गेली. वर 1 करिंथ 7 ऐकवतात की लग्न झालेल्याचं मन बायकोत गुंततं, म्हणजे खापर माझ्यावर! पण 1 तीमथ्य 3 मध्ये असंही आहे ना की ज्याला स्वतःचं घर चालवता येत नाही तो मंडळी काय सांभाळणार. यरुशलेमेत विधवांच्या रोजच्या वाटपावरून कुरबूर झाली तेव्हा प्रेषितांनी त्या कामाला सात माणसं निवडून घेतली आणि आपण प्रार्थना आणि वचनाला धरून राहिले. तुमच्या मंडळीतले ते सात जण कुठायत? मीटिंगला चहा प्यायला असतात तेवढे.

इतिहासवेडा:
ताई बरोबर. आणि हे आजचं दुखणं नाही, इ.स. 451 च्या खल्कदोन इथल्या चर्च परिषदेचा तिसरा नियमच यावर आहे. काही पाळक पैशासाठी दुसऱ्यांच्या मालमत्ता भाड्याने घेऊन व्यवहार करत होते, ते बंद केलं. पण सूट ठेवली, कायद्याने अंगावर आलेलं अज्ञान (वयात न आलेल्या) मुलांचं पालकत्व, आणि बिशपने सोपवलं तर चर्चची कामं, अनाथ-विधवांची काळजी. म्हणजे काम जगातलं आहे का हे नुसतं बघून चालत नाही, कुणाच्या फायद्याचं आहे ते बघायचं.

साधा_विश्वासी:
सूट पटते पण गोची तिथेच आहे. आज प्रत्येक गोष्ट चर्चचं काम म्हणून खपते. बिल्डरबरोबर जेवण, चर्चचं काम. नेत्याच्या स्टेजवर खुर्ची, चर्चचं काम. येशू तर गर्दी वाढली तशी एकांतात जाऊन प्रार्थना करायचा (लूक 5:15-16), आणि ते लोक तर आजार बरे करून घ्यायला आलेले, म्हणजे कामही चांगलंच होतं. तरी उठून गेला.

तंबूवाला:
व्ह्यूजचं आणि स्टेजचं मान्य. जमिनीच्या केसचं नाही. पाळक उठून एकांतात गेला आणि तारीख चुकून मंडळीची जागा गेली, तर पाळक झोपला होता का असं सगळ्यात आधी तुम्हीच विचाराल.

पाळकीणबाई:
विचारतातच. त्या केसच्या फायली आमच्या बेडरूमच्या कपाटात आहेत, कुणाला खरंच भार हलका करायचा असेल तर येऊन घेऊन जा.