बुयों म्हणजे खानावळ की उपाहारगृह?

गेल्या महिन्यात आम्ही चौघं मित्र पॅरिसला 'बुयों शार्तिए'मध्ये जेवलो. 1896 सालची जागा, उंच छत, आरसे, पितळी रॅक, आणि काळं जाकीट नि पांढरा एप्रन घालून धावणारे वाढपी. प्रवासाचं लिहिताना 'बुयों'पाशी अडलो. उपाहारगृह लिहू का?

— आधी 'उपाहार' लिहिलंत म्हणून आभार. निम्म्या पाट्यांवर 'उपहारगृह' असतं, म्हणजे भेटवस्तूंचं दुकान! पण उपाहार म्हणजे फराळ, हलकं खाणं. तुम्ही तिथे पोटभर जेवलात ना?

— गंमत अशी की फ्रेंच शब्दही हलक्या खाण्यातूनच आलाय. 'रेस्तोराँ' हे 18व्या शतकात जागेचं नाव नव्हतं, तरतरी आणणाऱ्या मांसाच्या कढणाचं होतं. कढण विकणाऱ्या जागेला पुढे तेच नाव पडलं. 'बुयों'चंही तसंच. बुयों म्हणजे मांस उकळून काढलेलं पाणी, आपल्या अळणीचा भाऊ. 1850च्या दशकात द्युवाल नावाच्या खाटकाने कामगारांसाठी मांस आणि कढण स्वस्तात द्यायला सुरुवात केली, आणि अशा जागा बुयों झाल्या. स्वस्त, झटपट, पोटभर. माझं मत खानावळ.

— खानावळ नको. खानावळीला महिन्याचे मेंबर लागतात. आमच्याकडे 'खानावळ भरली का?' म्हणजे महिन्याचे पैसे दिले का. वाटेल त्याने येऊन बसावं ते हॉटेल.

— मूळ प्रश्नकर्ता. मग हे ऐका. शार्तिएत भिंतीला लाकडी कपाट आहे, छोट्या छोट्या खणांचं, प्रत्येकावर नंबर. मला वाटलं टपालाचं असेल. तर पूर्वीच्या रोजच्या गिऱ्हाइकांचे रुमाल ठेवायचे खण निघाले ते! तेव्हा आपापला रुमाल काढायचा, जेवायचं, परत ठेवायचा. हे मेंबर नव्हेत तर काय?

— माघार. खानावळच.

— जाता जाता, तिथे 'मेन्यू' मागितलात का? फ्रेंचमध्ये पदार्थांच्या यादीला 'कार्त' म्हणतात. 'मेन्यू' म्हणजे ठरावीक पदार्थांचं ठरावीक किमतीचं जेवण, थोडक्यात आपली थाळी. आणि 'आंत्रे' मुख्य जेवण नव्हे, सुरुवातीचं. अमेरिकेत आंत्रे म्हणजे मुख्य पदार्थ, म्हणून तिथले मराठी लोक हमखास फसतात.

— मूळ प्रश्नकर्ता. फसलो ना! आमचा न्यू जर्सीवाला मित्र आंत्रे सांगून मोकळा झाला. समोर आलं उकडलेलं अंडं, वर मेयोनेज. पाच मिनिटं तो बाकीच्या जेवणाची वाट बघत होता. बिल वाढप्याने टेबलावरच्या कागदावरच पेनाने मांडलं. त्याच कागदावर आम्ही खाली टीटीएमएमचा हिशोब केला. अंडंवाला सगळ्यात स्वस्तात सुटला.

— 'तुझं तू, माझं मी'ला फ्रेंचमध्ये काय म्हणतात? की वेगळा धागा काढू?