शेतकरी घरांचं सर्वेक्षण: बाईचं काम, जमीन आणि खर्च प्रश्नावलीत कसा विचारावा?

रब्बी_हंगाम
लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतल्या सोयाबीन पिकवणाऱ्या 300 घरांचं सर्वेक्षण करायचं आहे. विषय आहे बाईचं शेतीतलं काम आणि निर्णयातला वाटा. प्रगणक घरी जाऊन विचारतील आणि मोबाइलवर कोबो या सर्वेक्षणाच्या अॅपमध्ये भरतील. मसुद्यातले प्रश्न साधारण असे: "तुम्ही काही काम करता का?", "शेती आणि घरखर्चाचे निर्णय तुम्ही घेता का?", "गेल्या वर्षभरात किराण्यावर किती खर्च झाला?", "जमीन किती?". शिवाय 'पूर्ण सहमत' ते 'पूर्ण असहमत' अशा पाच पर्यायांची 20 विधानं. एकूण प्रश्न 90 च्या आसपास. यात काय बदलावं?

ओळंबा
पहिल्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तुमचा सगळा विषय त्यावर उभा आहे. "काही काम करता का?" असं विचारलं की सोयाबीन खुरपणारी, कापणारी, दोन म्हशींचं बघणारी बाईसुद्धा "नाही, घरीच असते" म्हणते. काम म्हणजे मजुरी किंवा पगार, असा तिचा हिशोब असतो. उत्तर पुरुषाकडून घेतलं तर ते आणखी घटतं, म्हणून हा भाग तिलाच विचारा.

'काम' हा शब्दच प्रश्नातून काढा आणि कृती एकेक करून विचारा. गेल्या खरिपात स्वतःच्या शेतात पेरणीला गेला होतात का? खुरपणीला? फवारणीसाठी पाणी आणून दिलं? कापणी? मळणी यंत्रापाशी? मग बियाणं निवडणं, शेतावर भाकरी पोचवणं, चारा, धारा, शेण. 'हो' आलं तरच पुढे किती दिवस आणि दिवसाला साधारण किती तास. दुसऱ्याच्या रानात मजुरीने आणि सावडीने (पैसे न घेता, कामाच्या बदल्यात काम) गेलेले दिवस वेगळ्या रकान्यांत घ्या, नाहीतर तिन्ही एकत्र होतात आणि नंतर सोडवता येत नाहीत.

तास नेमके हवे असतील तर कालचा दिवस भरून घ्या. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2019 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात आदल्या पहाटे 4 ते मुलाखतीच्या दिवशी पहाटे 4 असे 24 तास अर्ध्या-अर्ध्या तासाच्या तुकड्यांत विचारले होते. एकाच तुकड्यात स्वयंपाक आणि मूल सांभाळणं आलं तर दोन्ही नोंदवायची सोय हवी. याला बराच वेळ लागतो, म्हणून दर तिसऱ्या घरी केलं तरी चालेल. फक्त पेरणीतला एक दिवस वर्षभराचा समजू नका.

काटापट्टी
जमिनीबद्दल. "जमीन किती?" यात चार प्रश्न दडलेत: सातबाऱ्यावर किती, स्वतः कसता किती, बटईने किंवा खंडाने घेतलेली किंवा दिलेली किती, आणि या हंगामात सोयाबीन किती. चारही वेगळे करा. "जमीन नावावर आहे का" हेही बाईसाठी स्वतंत्र विचारा.

दशांश चिन्हाचा गोंधळ तर हमखास होतो. गावात "दोन-वीस" म्हणजे 2 एकर 20 गुंठे, म्हणजे अडीच एकर. प्रगणकाने 2.20 भरलं की संगणक ते 2.2 एकर धरतो. सातबाऱ्यावरचं 2.20 मात्र 2 हेक्टर 20 आर असतं, म्हणजे साधारण साडेपाच एकर. एकर आणि गुंठे असे दोन रकाने ठेवा, गुंठ्यांच्या रकान्यात 39 च्या वरचा आकडा स्वीकारूच नये अशी अट घाला, आणि सातबाऱ्यासाठी हेक्टर-आर वेगळे घ्या. उत्पन्नाचंही तसंच: आधी पोती किती, मग एका पोत्यात किती किलो. माल विकला असेल तर अडत्याची पट्टी (विक्रीची पावती) दाखवायची विनंती करा. तोंडी अंदाजापेक्षा ती कितीतरी भरवशाची.

किराण्याला वर्षाचा कालावधी चालत नाही. माणूस महिन्याचा अंदाज बाराने गुणून सांगतो. तेल-डाळ-साखरेला 30 दिवस, भाजी-दूध-अंड्यांना 7 दिवस, कपडे-भांडी-लग्नकार्य-दवाखान्यात भरती याला वर्ष. वर्ष म्हणजे "गेल्या दिवाळीपासून या दिवाळीपर्यंत" अशी ठळक खूण द्या, नाहीतर दीड वर्षापूर्वीची खरेदीही आत येते. एकाच वस्तूला दोन कालावधी शेजारीशेजारी मात्र लावू नका. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या 1999-2000 च्या 55 व्या फेरीत अन्नासाठी 7 आणि 30 दिवस दोन्ही विचारले गेले. एका उत्तराची छाया दुसऱ्यावर पडली आणि 1993-94 शी तुलना करण्यावरून मोठा वाद झाला.

मोजपट्टी
सहमत-असहमत विधानं काढून टाकावीत असं माझं स्पष्ट मत आहे. समोर पाहुणा बसलेला असताना "बरोबर आहे" म्हणणं सोपं आणि सभ्य असतं, त्यामुळे उत्तरं एकाच बाजूला झुकतात. उलट अर्थाची विधानं घुसडून हे सुटत नाही. "मला विचारलं जात नाही" याला "नाही" असं उत्तर आलं तर विचारतात की विचारत नाहीत, हे प्रगणकालाही कळत नाही.

त्याऐवजी घडलेली एकेक गोष्ट विचारा. "गेल्या खरिपात सोयाबीनचं कोणतं बियाणं घ्यायचं, हे शेवटी कोणी ठरवलं?" "माल कधी विकायचा?" "विकल्यावर पैसे कोणाच्या हातात आले?" "तुमचं मत घेतलं होतं का?" तुमचा 'शेती आणि घरखर्च' हा जोडप्रश्नही यातच फुटेल; बी-बियाणं नवरा ठरवतो आणि किराणा ती, अशी घरं पुष्कळ असतात. जिथे मतच हवं, तिथे दोन बाजू सारख्या वजनाने मांडा: "काही बायका म्हणतात जमीन दोघांच्या नावावर असावी, काही म्हणतात एकाच्या नावावर बरी. तुम्हाला काय वाटतं?" बाजू कळल्यावर "अगदी पक्कं की थोडंसं?". पाच पर्याय तोंडी वाचले तर पहिले दोन विसरले जातात. दोन पायऱ्यांत तो त्रास उरत नाही.

रब्बी_हंगाम
फार उपयोगी, धन्यवाद. कृतींची यादी घातली तर प्रश्न वाढतील. कापू काय? आणि पूर्वचाचणी किती घरांत करू?

ओळंबा
प्रत्येक प्रश्नापुढे लिहा की तो कोणत्या तक्त्यात जाणार. तक्ता सुचला नाही तो प्रश्न काढा. मुलाखत 40 मिनिटांत बसवा.

पूर्वचाचणी नमुन्याबाहेरच्या पण तशाच गावात 12-15 घरांत करा, त्यांत भूमिहीन आणि बटईदार घरंही घ्या. उत्तर मिळाल्यावर लगेच विचारा, "हे दिवस कसे मोजलेत?" प्रगणक कुठे स्वतःचे शब्द वापरतो ते लिहून ठेवा, बहुधा त्याचेच शब्द बरे असतात. 'माहीत नाही' आणि 'सांगायचं नाही' यांना वेगळे कोड द्या, तेही उणे आकड्यात. 99 दिला तर तो 99 किलोत मिसळतो. कर्ज आणि पैशांचे प्रश्न शेवटी. आणि प्रत्येक भागाखाली एक रकाना ठेवा: विचारताना सासू किंवा नवरा जवळ होता का. निर्णयांची उत्तरं त्या रकान्याप्रमाणे वेगळी काढून बघा.