१९५० च्या आसपासची ब्रिटिश क्लब सायकल: पाथ रेसर करू की आहे तशीच ठेवू?

डर्बीकर
नमस्कार मंडळी. इथल्या एका सायकल जम्बलमध्ये (जुन्या सायकली आणि सुट्या भागांचा बाजार) जुनी क्लब सायकल मिळाली. हेड बॅज (पुढच्या नळीवरचा कंपनीचा बिल्ला) गायब, नावाचे ट्रान्सफर (स्टिकर) उडालेले. सीट ट्यूबवर रेनॉल्ड्स ५३१ (हलक्या पोलादी नळ्या) ची खूण कशीबशी वाचता येते. मागे स्टर्मी-आर्चरचा एडब्ल्यू थ्री-स्पीड हब (चाकाच्या तुंब्यातच तीन गिअर), त्यावर ५१ आणि ११ असे आकडे. रिम २६ x १¼, कॉटर पिनचे (आडव्या खिळीने आवळलेले) क्रँक, ब्रूक्सची सीट वाळून लाकूड झालेली. मूळ रंग मरून असावा, पण कोणीतरी त्यावर ब्रशने निळा फासलाय.

माझा बेत असा: मडगार्ड आणि दिव्याचे ब्रॅकेट कापून टाकायचे, फ्रेम सँडब्लास्ट करून काळं पावडर कोटिंग, नॉर्थ रोड (मागे वळलेलं) हँडल उलटं बसवायचं, मागे फिक्स्ड व्हील (पेडल चाकाबरोबर फिरतच राहतं असं). म्हणजे १९२०-३० च्या पाथ रेसरचा, जुन्या ट्रॅक सायकलचा थाट. कुठून सुरुवात करू? टायर कुठे मिळतील? ऑफिसला जायला-यायला वापरणार आहे.

तेलकट_हात
अभिनंदन, माल चांगला लागलाय. आधी ग्राइंडर खाली ठेवा!

पाथ रेसर म्हणजे लंडनच्या हर्न हिलसारख्या ट्रॅकवर पळवायची सायकल, जी लोक रस्त्यावरही दामटायचे. तुमची आहे ती क्लबची सायकल: शनिवार-रविवारी लांब फेरी, एखाद्या पहाटे टाइम ट्रायल (घड्याळाशी शर्यत) आणि सोमवारी त्याच सायकलवर कामाला. ब्रॅकेट त्यासाठीच आहेत. कापले की परत लावायला ब्रेझिंग (पितळी झाळ) करणारा शोधावा लागेल. आणि डर्बीच्या पावसात मडगार्डशिवाय ऑफिसला जाणार? पाठीवर चिखलाची रेघ घेऊन मीटिंगला बसाल.

हबवरचे आकडे म्हणजे नोव्हेंबर १९५१. पण ती हबची तारीख, फ्रेमची नव्हे; चाकं बदललेली असू शकतात. फ्रेम नंबर बॉटम ब्रॅकेटखाली (क्रँकचा दांडा बसतो तो भाग), सीट लगवर (नळ्या जोडणारी बाही) किंवा मागच्या ड्रॉपआउटवर (चाक बसतं ती खाच) शोधा. तो नंबर आणि लगचे जवळून काढलेले फोटो व्हेटरन-सायकल क्लबच्या जाणकारांना दाखवा. क्लॉड बटलर, हॉब्स, बेट्स, सन, प्रत्येक कंपनीची काहीतरी खूण असते. ओळख पटेपर्यंत रंगाला हात लावू नका.

पावडर कोटिंगला माझा साफ विरोध. थर जाड बसतो, लगच्या सुबक कडा बुजतात. ५३१ च्या नळ्यांच्या भिंती पातळ असतात, जोरात वाळू मारणारा भेटला तर संपलंच. त्या काळचा मूळ रंग भट्टीत भाजलेलं इनॅमल असतो, चांगला टणक. वरचा निळा बहुतेक साधा घरगुती पेंट असेल. बॉटम ब्रॅकेटच्या पोटाला, जिथे कुणाची नजर जात नाही, तिथे सौम्य थिनरचा बोळा फिरवून बघा. निळा सुटून खाली मरून चमकला तर संयम ठेवून बोटबोटभर काढा. सीट ट्यूबवरच्या ५३१ च्या खुणेपासून मात्र बोळा लांब ठेवा, ती गेली की गेली.

बर्मिंगहॅमचा_सातारकर
तेलकटरावांशी निम्मा सहमत. ब्रॅकेट कापू नयेत हे बरोबर. पण "आहे तशीच ठेवा" हेही मला पटत नाही. या सायकली कारखान्यातून निघाल्या तशा कधी राहिल्याच नाहीत. हँडल, हब, ब्रेक, सीट ज्याने त्याने आपल्या पगाराप्रमाणे बदलले. टाइम ट्रायलवाले तर रेसची हलकी चाकं पुढच्या अॅक्सलला लावलेल्या कॅरियरवर अडकवून न्यायचे, शर्यतीच्या जागी चाकं बदलायचे आणि शर्यत झाली की पुन्हा जुनी चाकं लावून घरी. तेव्हा खुशाल बदला, फक्त पान्याने काढता येईल असंच बदला.

हँडल उलटं करायला हरकत नाही, पण त्याआधी लाउटरवासर (पुढे जाऊन खाली-मागे वळणारं) हँडल शोधा, पाथ रेसरला तेच शोभतं. एडब्ल्यूचं चाक मोडू नका, फिक्स्डसाठी वेगळं चाक बांधा. क्लब फ्रेमचे ड्रॉपआउट बहुधा पुढे उघडणारे आणि लांब असतात, चेन ताणायला जागा मिळते. पुढे ४६, मागे १८ दात ठेवा: २६ इंची चाकावर साधारण ६६ इंच गिअर (४६ भागिले १८ गुणिले २६) होतो, डर्बीशरच्या चढांना ठीक. फ्रीव्हीलच्या हबवर फिक्स्ड कॉग (दातेरी चक्र) चढवून त्यावर बॉटम ब्रॅकेटची लॉकरिंग (आवळायची कडी) आवळायचा जुगाड कोणी सुचवला तर ऐकू नका. आटे जुळतात, पण लॉकरिंगला उलटे आटे नसतात. मागे जोर दिला की दोन्ही एकदम सुटू शकतात. आणि पुढचा ब्रेक हवाच. ब्रिटनच्या १९८३ च्या नियमांप्रमाणे फिक्स्ड व्हील एका ब्रेकच्या जागी धरतात, दोन्हींच्या नाही.

चाकवाली_मावशी
टायरबद्दल कोणीच बोललं नाही. २६ x १¼ म्हणजे रिमवर टायर बसतो तिथला व्यास ५९७ मिमी. दुकानात २६ x १⅜ देतील, ते ५९० चं, तुमच्या रिमवर चढणार नाही. पण जुन्या अमेरिकन श्विनचा २६ x १⅜ हा ५९७ च आहे, त्या नावाने शोधा. नाहीतर सरळ ५९० ची अॅल्युमिनियम रिम बांधा. ब्रेक ब्लॉक साडेतीन मिमी खाली आणायचा, बस्स. रोजच्या वापराला मी हेच करेन. क्रोमची स्टील रिम पावसात ब्रेक धरत नाही, चामडं लावलेले ब्लॉक वापरले तर थोडा फरक पडतो.

स्टर्मीत पातळ तेल घाला, साठून चिकट होणारं नको. दुसऱ्या गिअरवर ठेवून उजव्या नटच्या खिडकीतून बघा: इंडिकेटर रॉडची (गिअरच्या तारेला जोडलेल्या कांडीची) कड अॅक्सलच्या टोकाशी समपातळीत हवी. तार ढिली-ताठ राहिली तर दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये पेडल एकदम मोकळं फिरतं. उभं राहून मारत असाल तर थेट नळीवर!

कोथरूड_एक्सप्रेस
वाचनखूण साठवली. पुण्यात आजोबांची २८ x १½ ची काळी सायकल पडून आहे, रॉड ब्रेकवाली. तिचा पाथ रेसर होईल का?

चाकवाली_मावशी
दिसायला होईल, पळायला नाही. फ्रेम जड आणि लांब. पण तुमचं एक बरं आहे, २८ x १½ चे टायर तुम्हाला कुठल्याही पेठेत मिळतील. पुढे ३२, मागे ४० आरे ही जुनी ब्रिटिश पद्धतही आपल्याकडे टिकलीय. आधी नीट ओव्हरऑइल करून घ्या, छर्रे नवे घाला. रॉड ब्रेकच्या रिमला कॅलिपर ब्रेक नीट लागत नाही, तेव्हा तो विचार सोडा.

डर्बीकर
सगळ्यांचे आभार. ग्राइंडर परत केला. पोटाला बोळा फिरवला, खाली खरंच मरून आहे. फ्रेम नंबरचे फोटो पाठवलेत. आता कॉटर पिन हलत नाहीत. हातोडी मारू का?

तेलकट_हात
नुसती मारू नका, बॉटम ब्रॅकेटच्या वाट्या आणि छर्रे मार खातील. रात्रभर तेल मुरू द्या. नट पूर्ण काढू नका, पिनच्या टोकाशी समपातळीत ठेवा म्हणजे आटे चेपत नाहीत. मग कॉटर प्रेसने दाबा. प्रेस नसेल तर क्रँकखाली जमिनीपर्यंत टेकेल असा जाड पाइप उभा धरा आणि एकच सणसणीत ठोका द्या. दहा हलक्या टोल्यांनी पिन वाकते. नवी घेण्याआधी जुनीचा व्यास मोजा. रॅलेला ९.५ मिमी लागते, इतर काहींना ९. बसवताना दोन्ही पिना एकमेकींच्या उलट दिशेने, नाहीतर पेडलं एका रेषेत येणार नाहीत. आणि उजवी वाटी काढायला गेलात तर तिचे आटे डावे असतात. रॅले निघाली तर गोष्ट वेगळी: तिचे आटे इंचाला २६, बाकीच्यांचे २४, जम्बलमधली भलती वाटी उचलू नका.